आर्डिस नेलांडचे एकोणीस फोन

अमेरिकेत, मिनेसोटातल्या एल्व्हरम गावात कुणाला "कसं काय?" म्हणून विचारलं, तर एकच उत्तर मिळतं: "वाईट नाही." लग्न ठरलं तरी वाईट नाही, आणि गारपिटीत सोयाबीन झोपलं तरी वाईट नाही. गुराढोरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं पुढच्या टेबलाशी बसलेल्या आर्डिस नेलांडला हे उत्तर चांगलंच पाठ होतं. म्हणून ती एकच गोष्ट तीनदा, वेगवेगळ्या वाटेने विचारायची. गाय कशी आहे? वाईट नाही. काल किती खाल्लं तिनं? तसं फारसं नाही. आणि परवा? मग तो शेतकरी टोपी काढायचा आणि म्हणायचा, परवापासून उठलीच नाही बघ. एवढं कळलं की ती डॉक्टरांना हाक मारायची.

अशी ही बाई त्रेपन्नाव्या वर्षी दोन सॉफ्टवेअर कंपन्यांची तुलना करायला बसली, आणि त्याला कारण झाली मार्लिस.

मार्लिसचं गावात कापडाचं दुकान होतं, आणि लुथरन चर्चच्या तळघरात दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी जमणाऱ्या शेअर क्लबची ती अध्यक्ष होती. क्लबात अकरा माणसं. प्रत्येकाने महिन्याला पंचवीस डॉलर टाकायचे, कॉफी प्यायची, कुणीतरी एका कंपनीचा अभ्यास करून सांगायचं, मग हात वर करून ठरवायचं. ट्रॅक्टर, सूप, बूट, औषधं, सगळं झालं होतं. एकोणीसशे नव्याण्णवच्या सप्टेंबरात ड्वेन हॉगन एक रंगीत मासिक घेऊन आला. ड्वेन म्हणजे हायस्कूलचा सुतारकामाचा निवृत्त मास्तर. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि तोंडात तीळ भिजायचा नाही.

"आता प्रोग्राम विकत घ्यायचे दिवस संपले," तो म्हणाला. "प्रोग्राम कंपनीच्या मशीनवर. आपण फोनच्या तारेवरून वापरायचा आणि महिन्याचं भाडं भरायचं. भाडेकरू आपण, मालक ते. आणि मालकाचे शेअर आपल्याकडे! दहा वर्षं ठेवायचे आणि विसरून जायचं."

त्याच्या डोक्यात कंपनीही ठरलेली होती. कॅलिफोर्नियाची ऑर्बिव्हिया. वर्षभरात शेअर तिप्पट झालेला. मार्लिसला घाई आवडत नसे. ती म्हणाली, "अरे, याच धंद्यातली आणखी एखादी घ्या, शेजारी शेजारी ठेवून बघू. कोण बघतं?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. आर्डिस तेवढी मार्लिसकडे बघत राहिली आणि सापडली.

"तुमच्या दवाखान्यात असलाच भाड्याचा प्रोग्राम आहे ना गं?" मार्लिस म्हणाली. "मग झालं तर."

दवाखान्यात होता खरा. आणि त्या प्रोग्रामपायी त्याच वसंतात आर्डिसच्या नाकी नऊ आले होते. तरुण डॉक्टर लिंडेलनी कुठलातरी स्वस्त प्रोग्राम बघितला आणि आर्डिसला सांगितलं, तिकडे जाऊ. तीन आठवडे ती कुत्र्यांच्या लसी आणि गाभण गायींच्या तारखा इकडून तिकडे नेत होती. निम्म्या नोंदी वाटेतच हरवल्या. एका मेलेल्या मांजरीच्या मालकिणीला लसीची आठवण करून देणारं पत्र गेलं, ती बाई टेबलाशी येऊन रडली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, राहू दे, जुनंच बरं. जुन्या कंपनीने पुढच्याच महिन्यात भाडं वाढवलं आणि डॉक्टरांनी एक शब्द न बोलता ते भरलं.

तो चेक आर्डिसनेच पाकिटात घातला होता. तेव्हा तिच्या मनात आलं होतं, हा धंदा वाईट नाही.

आता तुलना करायची म्हणून तिने दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल टपालाने मागवले. ऑर्बिव्हियाचा अहवाल जाड, गुळगुळीत, पानोपानी हसरी माणसं. दुसरी कंपनी तिने ग्रंथालयातल्या यादीतून शोधली होती: ओहायोची ट्रॅस्कर डेटा. पगारपत्रकं आणि सुट्ट्यांचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम भाड्याने द्यायची, चौदा वर्षांपासून. तिचा अहवाल करड्या कागदावर, आणि चित्र एकच. त्यात चार माणसं टाय लावून उभी होती आणि चौघांनाही फोटो काढून घ्यायचा नव्हता हे स्पष्ट दिसत होतं.

आर्डिसने आकडे वाचले. ऑर्बिव्हियाला नफा नव्हता, पण वाढ अशी की कागदावर मावेना. ट्रॅस्करचा नफा बेताचा, वाढ गोगलगायीची. स्वयंपाकघरात नवऱ्याने, व्हर्लिनने, तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. तो शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा आणि बोलायचा कमी.

"काय म्हणतात कंपन्या?" त्याने विचारलं.

"वाईट नाही म्हणतात," आर्डिस म्हणाली.

आणि म्हणता म्हणता ती थांबली. बावीस वर्षांत मालकाच्या पहिल्या उत्तरावर तिने एकाही गायीचं निदान होऊ दिलं नव्हतं. इथे तर मालकाने स्वतःच लिहिलेलं पुस्तक घेऊन ती बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने पेट्रोल पंपावरून वीस डॉलरचं फोन कार्ड घेतलं. दोन्ही अहवालांत मागे गिऱ्हाइकांची नावं होती. ट्रॅस्करची एकोणीस, ऑर्बिव्हियाची तेवीस. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कुत्र्यांच्या खाद्याच्या पोत्यावर बसून ती एकेक नंबर फिरवू लागली. प्रश्न तीनच. किती वर्षं वापरता? बंद पडला तर फोन कोण उचलतं? आणि उद्या भाडं दहा टक्के वाढलं तर काय कराल?

ऑर्बिव्हियाची गिऱ्हाइकं भलतीच खूश होती. "अप्रतिम!" इंटरनेटवर फुलं विकणारा एक मुलगा म्हणाला. किती वर्षं? "वर्षं? आमची कंपनीच सात महिन्यांची आहे हो!" भाडं? पहिले सहा महिने फुकट. पुढे? पुढचं पुढे बघू. इंटरनेटवर मांजरांचं खाद्य विकणारीही खूश होती आणि तीही फुकटातच होती. आणखी दोघांनी भाड्याऐवजी आपल्याच कंपनीचे शेअर दिले होते. तेवीसपैकी सहा नंबर लागलेच नाहीत. अहवाल छापून आला तेवढ्या अवधीत ते धंदेच उठले होते.

ट्रॅस्करच्या गिऱ्हाइकांनी मात्र शिव्या घातल्या. विस्कॉन्सिनातल्या एका वृद्धाश्रमात फोन उचलला पगार काढणाऱ्या बाईंनी. नाव डोलोरेस झ्ब्लेव्स्की, आवाज भसाडा.

"चांगला? कोण म्हणालं चांगला?" डोलोरेसबाई कडाडल्या. "पडद्यावरची हिरवी अक्षरं बघून बघून माझा चष्मा दोनदा बदलला. एक आडनाव दुरुस्त करायला चार पानं पालटावी लागतात. आणि तुम्ही आहात कोण? त्यांच्याकडच्या का?"

"नाही हो. मी मिनेसोटात गुरांच्या दवाखान्यात असते."

"मग तुम्हाला कशाला हवाय?"

आर्डिसने क्लबचं सांगितलं. बाई हसल्या. मग आर्डिसने विचारलं, "इतका त्रास आहे तर सोडत का नाही?"

"सोडू? एकशे चाळीस माणसांचे पगार आहेत त्यात. कुणाची किती सुट्टी, कुणाच्या पेन्शनचं काय, घटस्फोटानंतर कुणाचा पगार कुठे वळवायचा, बारा वर्षांचं सगळं. ते हलवायचं कुणी? मी? मला निवृत्त व्हायला नऊ वर्षं आहेत बाई. मी काही हलवत नाही."

"आणि भाडं वाढलं तर?"

"वाढतंच की दर जानेवारीला. आम्ही शिव्या देतो आणि भरतो. पण एक सांगते, फोन केला की ती ग्लॅडिस उचलते. बारा वर्षं तीच ग्लॅडिस. नवरा गेला तिचा मागच्या साली, तरी तिसऱ्या दिवशी फोनवर हजर."

एकोणीसपैकी सतरा जण असेच बोलले. आर्डिस पोत्यावरून उठली तेव्हा तिच्या स्कर्टला खाद्याचा भुसा लागला होता आणि मनात निकाल झाला होता.

ऑक्टोबरच्या सोमवारी तिने तो क्लबात मांडला. "एकीची गिऱ्हाइकं तोंड भरून कौतुक करतात आणि वर्षभरात दिसेनाशी होतात. दुसरीची नावं ठेवतात आणि जात नाहीत. दहा वर्षं ठेवायचे असतील तर मी दुसरीचे घेईन."

मग ड्वेन म्हणाला, "म्हणजे आर्डिस, ज्या हॉटेलातलं जेवण लोक थुंकून टाकतात तिथे पैसे घालायचे म्हणतेस?"

तळघर हसलं. आर्डिसही हसली.

"गावात ते एकच हॉटेल असेल तर, हो," ती म्हणाली.

पण वारा ड्वेनच्या बाजूचा होता. आठ हात ऑर्बिव्हियासाठी वर झाले. तीन हजार डॉलर तिकडे गेले. मार्लिसला वाईट वाटलं. ती म्हणाली, बिचारीने स्वतःच्या फोन कार्डावर एवढं केलं, निदान सहाशे तरी ट्रॅस्करमध्ये टाका. सहाशे टाकले. आर्डिसने आणि व्हर्लिनने स्वतःच्या शिलकीतले दोन हजार घातले. व्हर्लिन एवढंच म्हणाला, "ज्या यंत्राची लोक कटकट करतात तेच माझ्याकडे दुरुस्तीला येतं. बाकीची भंगारात जातात."

पुढचे पाच महिने आर्डिसची परीक्षाच होती. ऑर्बिव्हिया एकतीसवर घेतला होता, तो मार्चात चौऱ्याण्णववर गेला. ट्रॅस्कर चौदाचा अकरा झाला. ड्वेन दर सभेला जिन्यातूनच ओरडायचा, "आर्डिस, ग्लॅडिस कशी आहे?" आणि तळघर खदखदायचं. त्याच्या मनात पाप नव्हतं, म्हणून आर्डिसला रागावताही येत नसे. घरी येऊन ती भांडी जरा जोरात घासायची, इतकंच.

मग वारं फिरलं. आधी मांजरांचं खाद्य गेलं, मग फुलं गेली. भाडेकरूच उठल्यावर मालक कुठला? डिसेंबरात ऑर्बिव्हियाचा शेअर दोन डॉलरवर होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात कंपनीच्या दाराला कुलूप लागलं.

लोकांना वाटतं, इथे आर्डिसचा विजय झाला असेल. तसं काही झालं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसा ट्रॅस्करही पाचवर आला होता. बाजाराला तेव्हा 'भाड्याचं सॉफ्टवेअर' हे शब्दसुद्धा ऐकवत नव्हते. क्लबात मार्लिसने हळूच विचारलं, "हेही विकून मोकळं व्हायचं का?"

"मला एक महिना द्या," आर्डिस म्हणाली.

तिने पुन्हा तेच एकोणीस नंबर फिरवले. एक गिरणी जळाली होती, एका शाळेने दुसरा प्रोग्राम घेतला होता. बाकी सतरा जागच्या जागी. डोलोरेसने आवाज ओळखला. "गुरांचा दवाखाना! अजून जिवंत आहात? कंपनी बुडाली की काय?"

"ते मीच विचारायला फोन केलाय."

"छे! परवाच पगार काढले. अक्षरं अजून हिरवीच."

क्लबाने शेअर ठेवले. वर्गणीतून दर महिन्याला थोडे आणखी घेतले. आर्डिसनेही हजार डॉलरचे पाचच्या भावाने घेतले.

ड्वेन मात्र दोन सोमवार आला नाही. तिसऱ्या सोमवारीही त्याची खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा आर्डिसने लिंबाच्या वड्यांचा डबा भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरामागच्या सुतारशाळेत गेली. तो एका कपाटाचं दार रंधत होता. तिला बघून रंधा थांबवला नाही.

"बोल," तो म्हणाला. "एकदाचं बोलून टाक. मी सांगितलं होतं म्हण."

"माझेपण चौदाचे पाच झालेत, ड्वेन."

"क्लबच्या तीन हजारांचं म्हणत नाही गं." त्याने रंधा खाली ठेवला. "माझे स्वतःचेही होते त्यात. साठ हजार. शाळेतून एकरकमी मिळालेले. बायकोला, कॅरोलला, वाटतंय दहाच होते."

आर्डिस लाकडाच्या ओंडक्यावर बसली. मग तिला दवाखान्यातल्यासारखंच विचारावंसं वाटलं, आणि तिने विचारलं.

"घरावर कर्ज आहे?"

"नाही."

"महिन्याचं पेन्शन?"

"आहे. अर्धं. बाकीचं अर्धंच मी एकदम उचललं होतं."

"हे कपाट कुणाचं?"

"डॉक्टर लिंडेलचं. बाराशे देणार आहेत."

"मग कॅरोलला आज सांग. आकडा पूर्ण सांग. तिला दुसऱ्याकडून कळलं तर कपाटंही उपयोगाची नाहीत."

ड्वेनने डबा उघडला, एक वडी उचलली, हातात धरून ठेवली. "तुला माझा राग येत नाही? जिन्यातून ओरडायचो मी."

"यायचा. भांडी चकचकीत असायची तेव्हा."

त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. कॅरोलने सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने वर्तमानपत्रात त्याच्या सुतारकामाची जाहिरात दिली. पुढची सात वर्षं एल्व्हरममध्ये आणि आसपासच्या तीन गावांत जी स्वयंपाकघरं झाली, ती ड्वेनच्या हातची.

आर्डिसचे फोन आता दर ऑक्टोबरात ठरूनच गेले. हळूहळू तीन प्रश्नांना वेळ कमी लागायचा आणि बाकीच्या गोष्टींना जास्त. केंटकीतल्या खाणीच्या कचेरीतला माणूस तिला आपल्या आजारी कुत्र्याची लक्षणं सांगायचा. डोलोरेसशी तर वर्षात तीन-चारदा बोलणं व्हायचं. दोघी एकमेकींना 'अगं' म्हणू लागल्या. ग्लॅडिस निवृत्त झाली तेव्हा डोलोरेसने मुद्दाम फोन करून कळवलं. नवीन आलेला पोरगा बरा आहे, म्हणाली, पण तो ग्लॅडिससारखा मधूनमधून खोकत नाही, त्यामुळे तो ऐकतोय की नाही ते कळतच नाही.

यावरून कुणी आर्डिसला मोठी जाणकार समजू लागलं की ती स्वतःच एक गोष्ट सांगायची. दोन हजार चारमध्ये तिची भाची कर्स्टन मिनिआपोलिसहून आली आणि विक्रेत्यांसाठी प्रोग्राम भाड्याने देणाऱ्या एका नव्या कंपनीबद्दल विचारू लागली. आर्डिसने सहा गिऱ्हाइकांना फोन केले. सहाही म्हणाले, आवडतो, पण सोडायचा तर उद्या सोडू. आर्डिस म्हणाली, नको घेऊस. दहा वर्षांनी तो शेअर वीसपट झाला.

"सहा जणांना विचारलं," आर्डिस सांगायची. "साठ जणांना विचारायला हवं होतं. कार्डातले पैसे संपले होते, आणि नवं कार्ड घ्यायचा मला कंटाळा आला. कर्स्टन अजून भाड्याच्या घरात राहते. नाताळला येते तेव्हा मला काही बोलत नाही, पण तिच्या पानात मी जरा जास्त वाढते."

ट्रॅस्कर मात्र गोगलगायीच्या चालीने चढत राहिला. नऊ, पंधरा, बावीस. दोन हजार आठच्या पडझडीत पुन्हा तेरा. त्या साली क्लबात विकायची गोष्ट कुणी काढलीच नाही. मार्लिसने नुसतं विचारलं, "आर्डिस, फोन झाले का?" आर्डिस म्हणाली, "झाले. सोळा आहेत." आणि सभा कॉफीकडे वळली.

दोन हजार अकराच्या वसंतात बातमी आली: एक मोठी कंपनी ट्रॅस्कर विकत घेतेय. शेअरला एक्केचाळीस डॉलर रोख, नाहीतर त्या मोठ्या कंपनीचे शेअर. क्लबात बहुतेकांना शेअर हवे होते. इतकी वर्षं ठेवले, आणखी ठेवू. ड्वेनसुद्धा म्हणाला, "या खेपेला मी आर्डिसच्या बाजूने, म्हणजे ठेवायचे."

आर्डिस म्हणाली, "मी अजून काहीच बोलले नाहीये."

तिने ऑक्टोबरची वाट न बघता फोन लावले. डोलोरेस तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाली होती. वृद्धाश्रमात तिच्या जागी टिफनी नावाची तरुण मुलगी होती. टिफनी गोड बोलली. ट्रॅस्कर ना, हो, अजून आहे, पण जूनमध्ये बदलतोय.

"बदलताय? आणि बारा... नाही, चोवीस वर्षांच्या नोंदी?"

"त्या काय, शनिवारी सकाळी आपोआप जातात," टिफनी म्हणाली. "नवी कंपनीच नेते. जेवणाच्या आधी काम संपतं."

आर्डिसने फोन ठेवला. सोळांपैकी सात जण बदलणार होते. कुणीही शिव्या दिल्या नव्हत्या. सगळे समाधानी होते.

सोमवारी तिने क्लबाला सांगितलं, रोख घ्या. ड्वेनने कारण विचारलं. "लोक सोडून जात नव्हते, कारण सोडणं अवघड होतं," ती म्हणाली. "ते आता सोपं झालंय. यापुढे प्रोग्राम खरोखर चांगला असावा लागेल, आणि तो चांगला आहे की नाही हे मला फोनवरून कळायचं नाही." अकराही हात रोखीसाठी वर झाले. पुढे त्या मोठ्या कंपनीचे शेअर बरीच वर्षं ना चढले ना पडले.

आर्डिस आणि व्हर्लिनच्या तीन हजारांचे अकरा वर्षांत चौदा हजार झाले होते. छपराचं काम करून घेतलं. उरलेल्यात व्हर्लिनने गाडीला नवी चाकं बसवली आणि म्हणाला, "चल, त्या बाईला भेटून येऊ."

विस्कॉन्सिन म्हणजे गाडीने सहा तास. शुक्रवार होता, आणि तिकडे शुक्रवारी मासेच खायची रीत, म्हणून डोलोरेस त्यांना आपल्या चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांच्या जेवणाला घेऊन गेली. आर्डिसने तिला दारातच ओळखलं, आवाजावरून. ती तिकीट फाडणाऱ्या माणसाला खडसावत होती. बाई मात्र एवढीशी, जेमतेम आर्डिसच्या खांद्याला लागणारी.

"तू एवढी उंच असशील असं वाटलं नव्हतं," डोलोरेस म्हणाली. "फोनवर बुटकी वाटतेस."

तिघं लांब टेबलाच्या टोकाला बसले. मासे आले, राय ब्रेड आला, कोबीची कोशिंबीर आली. डोलोरेसने थेट विचारलं, "माझ्या जिवावर किती कमावलेस?" आर्डिसने आकडा सांगितला. आजवर तो तिने बहिणीलाही सांगितला नव्हता.

"आणि तू?" आर्डिसने विचारलं. "तू कधी घेतलेस का त्यांचे शेअर?"

"मी? मी ओळखत होते ना त्यांना!" डोलोरेस म्हणाली. "माझे सगळे पैसे सरकारी बाँडमध्ये होते. टिफनी म्हणते मी वेडी आहे."

व्हर्लिनला ठसका लागला. डोलोरेसने त्याच्या पाठीत दोन थापा मारल्या, आपल्या ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलून त्याच्या ताटात टाकला आणि आर्डिसकडे वळून म्हणाली, "रात्री राहा माझ्याकडे. उद्या सकाळी तुला वृद्धाश्रम दाखवते. तिथे माझ्या वेळच्या अजून तीन जणी आहेत, ज्यांना तुझ्याशी बोलायचंय."

ते रविवारपर्यंत राहिले.